झाकणं पाटोद्यात, बुडं वडगावात

आमच्या घरी माझ्या लॉरीच्या नोकरीचा विषय निघाला की सगळे आधी हसून घेतात आणि मग म्हणतात, "सांगा ना, पाटोद्याचं सांगा." म्हणजे गोष्ट सगळ्यांना पाठ असते, हसूनही झालेलं असतं, तरी ती माझ्याच तोंडून हवी असते. बायको तर मधेमधे दुरुस्त्याही करते. तेव्हा तिला स्वयंपाकघरात काहीतरी काम निघालं आहे तोवर लिहून काढावं म्हणतो.

सिरसाळ्याच्या पुढं माळावर कागदाच्या वस्तू बनवणारी एक कंपनी आहे. चहाचे कप, द्रोण, पत्रावळी, वह्या आणि फळं भरायचे पुठ्ठ्याचे खोके असा तिचा माल. माल पोचवायला तिच्या स्वतःच्या लॉऱ्या आहेत आणि त्यातल्या एका लॉरीवर मी. त्याआधी मी उसाचा ट्रॅक्टर चालवायचो. उसाचा माणूस कागदावर आला म्हटल्यावर जुन्या दोस्तांनी मला सोडलं नाही. एकदा तेलगावच्या ढाब्यावर एकानं मोठ्या आवाजात विचारलं, "काय भरलंय बे गाडीत?"

"चहाचे कप."

"भरलेले का रिकामे?"

सगळा ढाबा हसला. मीही हसलो, कारण बिल तोच देणार होता.

पण हलक्या मालाची गाडी चालवणं दिसतं तितकं हलकं नसतं. उसाची गाडी रस्त्याला धरून चालते. आमची गाडी ताडपत्रीसकट आभाळाला टेकलेली आणि वजनाला पोकळ. धारूरच्या घाटात वारा आडवा लागला की ती अशी डुलायची की मी आपोआप उलट्या बाजूला कलायचो, जसं काही माझ्या कलण्यानं तिला फरक पडणार होता. त्यामुळं मी हळू चालवायचो. माझ्या मागं अडकलेला माणूस आधी हॉर्न वाजवायचा, मग शिव्या द्यायचा आणि शेवटी दमून गाणी लावायचा.

कागदाचे वैरी दोन, पाणी आणि विस्तव. म्हणून गाडीजवळ बिडी नाही, चूल नाही आणि ढग दिसला की ताडपत्री तपासायची. बायको म्हणायची, "लेकरं पावसात भिजत खेळली तरी ह्यांचं लक्ष न्हाई. ताडपत्रीला मात्र भोक पडलं की जेवण जात न्हाई." खरं होतं. लेकरं वाळतात, पुठ्ठा वाळत नाही.

पुढं माझ्या शब्दावर कंपनीनं माझ्या मेव्हण्याला घेतलं. बायकोचा धाकटा भाऊ, राहायलाही आमच्याकडंच. माझ्या बरोबर उलटा माणूस. मी गाडीत बसलो की आधी ब्रेक बघतो, तो आधी आरशात भांग बघतो. आम्हा दोघांच्या गाड्यांची जोडी लावली. जोडी म्हणजे एकाच गिऱ्हाइकाचा माल दोन गाड्यांत भरायचा आणि दोघांनी मागंपुढं जायचं.

आता इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. फळाचा खोका दोन तुकड्यांचा असतो. खालचं बूड आणि वरचं झाकण. दोन्ही सपाट, घडी न घातलेली, गठ्ठ्यांनी बांधलेली. गिऱ्हाइकानं घडी घालायची, बुडात फळ ठेवायचं, वरून झाकण बसवायचं. जोडीची गाडी भरताना आमचे हमाल एका गाडीत सगळी बुडं भरायचे आणि दुसरीत सगळी झाकणं. त्यांना मोजायला सोपं जायचं आणि आम्हालाही काही वाटायचं नाही. दोन्ही गाड्या एकाच दारात उभ्या राहणार, मग कशात काय आहे ह्याचा विचार कोण करतो? गाडी भरेपर्यंत आमचा चहा व्हायचा. चहा झाला की रस्सी आवळायची आणि निघायचं.

दसरा नुकताच झाला होता. सीताफळाचे दिवस. पाटोद्याच्या एका फळवाल्या भाईंचे खोके घेऊन आम्ही दोघं सकाळी निघालो. धारूरचा घाट चढून केजला आलो, चौकात चहाला थांबलो. मेव्हणा चहा पिता पिता गाडीकडं बघत होता. दसऱ्याची झेंडूची माळ अजून तिच्या कपाळावर होती. त्याचं लग्न त्याच उन्हाळ्यात झालं होतं आणि सासर होतं युसूफ वडगाव, केजहून वाट वाकडी करावी तर फार लांब नाही.

"दाजी," तो म्हणाला, "एक इचारू का?"

"न्हाई."

"इचारलं बी न्हाई अजून."

"तुझं तोंडच सांगायलंय. सासरी जायचंय."

"सासऱ्यांनी गाडी बघितलीच न्हाई वो. लग्नात म्हनले होते, पावणं कंपनीत हायेत म्हंजे टेबलावर का? मी म्हनलं, गाडीवर. तवापासून त्यांचं तोंड जरा बारीक हाय. एकदा दारात उभी करतो, हॉर्न मारतो अन् येतो. तुमी हळूच जाता, मी तुमाला नेकनूरला गाठतो."

शेवटचं वाक्य मला लागलं, पण खोटं नव्हतं. नवा जावई, नवी गाडी, गावाच्या वेशीतून शिरणार. मलाही माझे दिवस आठवले. मी सासरी पहिल्यांदा ट्रॅक्टर घेऊन गेलतो तेव्हा तो दारातच बंद पडला होता आणि अख्ख्या गल्लीनं ढकलला होता. पोराच्या नशिबी तरी चांगलं असावं.

"जा," मी म्हणालो. "पर जेवत बसू नको."

"पाणी बी पीत न्हाई दाजी."

माणसाच्या हातून काही उदारपणा घडला की त्याला जसं हलकं वाटतं, तसं मला थेट पाटोद्यापर्यंत वाटत होतं. नेकनूरला तो आला नाही, मांजरसुंब्याला आला नाही. मी म्हटलं, येईल मागून.

भाईंचं पत्र्याचं शेड गावाबाहेरच्या रस्त्याला होतं. आत गवतावर सीताफळंच सीताफळं. बाया ओळीनं बसून लहानमोठी निवडत होत्या. भाई दारातच उभे होते, माझी गाडी दिसल्यावर त्यांनी दोन्ही हात वर केले. हा माणूस इतकी वर्षं टोपल्यांत पाला घालून बाजारात फळ विकत आलेला. यंदा पहिल्यांदाच त्यानं हिंमत केली होती. हैदराबादच्या एका मोठ्या दुकानदाराला खोक्यात भरलेलं, निवडलेलं फळ पाठवायचं ठरवलं होतं. आसपासच्या बागवाल्यांनी ह्याच्या एका शब्दावर पहाटे तोडणी केली होती. आणि सीताफळ कुणाची वाट बघत नाही. आज कडक, उद्या मऊ, परवा माशा. हैदराबादची गाडी दुपारी येणार होती. त्या गाडीत फळ चढलं तर भाईंचा धंदा चढणार, नाहीतर सगळ्या बागवाल्यांपुढं मान खाली.

"आओ मियाँ, आओ! तुम्हारीच राह देख रहे थे."

मी रस्सी सोडली. पहिला गठ्ठा उतरला. भाईंनी स्वतः दोरी कापली, एक पुठ्ठा उचलला, कोपरे दुमडले. छोट्या काठाचा, उथळ असा तबकासारखा प्रकार तयार झाला.

"ये तो ढक्कन है," भाई म्हणाले.

"असंल," मी म्हणालो. "दुसरा खोला."

दुसरा खोलला. झाकण. तिसरा खोलला. झाकण. चौथ्या गठ्ठ्याला मी हात लावला आणि माझ्या डोळ्यांपुढं ती दुसरी गाडी उभी राहिली, झेंडूची माळ घालून, युसूफ वडगावात, पोट भरून बुडं घेतलेली.

निवडणाऱ्यातली एक बाई माझ्याकडं बघून म्हणाली, "दादा, वरचं आणलंत, खालचं कुठं ठिवलं?"

"सासुरवाडीला," मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं. बाया हसल्या. भाई हसले नाहीत. ते हळूच एका पालथ्या टोपलीवर बसले आणि फळांच्या राशीकडं बघत राहिले. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

मेव्हण्याला फोन लावला. लागेना. परत लावला. फोनमधली बाई मधुर आवाजात सांगायची की संपर्क होत नाही. शेवटी बायकोला लावला.

"कावून फोन केला? जेवलात का?"

मी सांगितलं. पलीकडून असा आवाज आला की कुणीतरी तोंडात पदर कोंबतंय.

"हसू नको! माणसाचा माल सडायलाय इथं!"

"न्हाई हसत. ठिवा फोन. तुमच्यानं व्हायचं न्हाई ते."

तिनं स्वयंपाकघरात भाकरी थापत बसलेल्या भावजयीला सांगितलं. भावजयीनं वडगावला आपल्या आईला फोन लावला. माझा चहासुद्धा निवला नव्हता, तेवढ्यात सासूच्या फोनवरून मेव्हण्याचा फोन. मला लॉऱ्यांच्या धंद्यात इतकी वर्षं झाली, पण निरोप असा पळताना मी पाहिला नाही.

"दाजी, काय झालं?"

"तू काय करायलास?"

"जेवायलोय. पुरण घातलंय सासूबाईनी. म्हनल्या गाडीची पूजा झाल्याबिगर अन् ताट संपल्याबिगर जाऊ देत न्हाई..."

"तुझ्या गाडीत काय हाय?"

"खोके."

"बुडं हायेत. माझ्याकडं झाकणं हायेत. अन् भाईकडं सीताफळं हायेत."

मागून सासूबाईंचा आवाज ऐकू आला, "अवो, ताटावरून उठू नका," आणि त्याचा आवाज, "आत्या, ताट संगं देता का?"

आता सगळा प्रश्न वेळेचा होता. भाईंनी तोवर एक उपाय करून पाहिला. एक झाकण खाली, त्यात फळं, दुसरं झाकण वरून, सुतळीनं बांधून टाकलं. दिसायला बरं होतं. त्यावर दुसरं ठेवलं, त्यावर तिसरं. सगळ्यात खालच्या खोक्यातून हलकासा फच्च आवाज आला. भाईंनी डोळे मिटले आणि सुतळी सोडून बाजूला ठेवली.

तेवढ्यात हैदराबादची गाडी आली. ड्रायव्हर उंच, दाढीवाला, घाईतला. उतरला तो हात झटकत.

"भरो जी भरो, मेरेकू सुबा मंडी पकडनी है."

भाईंनी त्याला खरं ते सांगितलं. तो म्हणाला, "नक्को जी. मैं नै रुकता. दूसरे का माल उठाके चला जाता." आणि खरंच फोन काढून कुणाला तरी विचारू लागला की जवळपास भरायला काही आहे का.

भाईंनी माझ्याकडं पाहिलं. त्या बघण्यात राग नव्हता, हेच वाईट. मला काहीतरी करायला पाहिजे होतं आणि मला गाडी हळू चालवण्याशिवाय एकच गोष्ट येते. तीही हळूच येते. स्वयंपाक.

ड्रायव्हर लोकांत एक चाल आहे, कुणी शिकवलेली नाही पण सगळे पाळतात. दुसऱ्या ड्रायव्हरनं जेवायला बोलावलं आणि भांडं विस्तवावर चढलं की मग उठून जायचं नाही. शिजवणाऱ्याचा अपमान होतो.

"उस्ताद," मी हैदराबादवाल्याला म्हणालो, "जेवून जा. मी रांधतो."

त्यानं फोन खिशात ठेवला. माझ्याकडं पाहिलं, माझ्या पोटाकडं पाहिलं, आणि बहुतेक पोटावर विश्वास ठेवला. "क्या बनाते?"

"हरभरे."

मी गाडीपासून लांब लिंबाच्या झाडाखाली आमची छोटी गॅसची टाकी मांडली. डब्यातून हरभरे काढले. अख्खे, कोरडे, न भिजवलेले. ज्यांनी कधी रांधलं नाही त्यांना सांगतो, असे हरभरे शिजवायला घेतले की ते शिजेपर्यंत माणसाचं आयुष्य सरतं.

"कुकर है ना?" त्यानं विचारलं.

"हाय. शिट्टी हरवली."

शिट्टी माझ्या पँटच्या खिशात होती. खाली बसलो की टोचत होती. मी उघड्या पातेल्यात हरभरे टाकले, आच मंद ठेवली आणि कांदा चिरायला घेतला. इतका बारीक कांदा मी आयुष्यात चिरला नाही. बायकोनं पाहिला असता तर मला घरातच नोकरी दिली असती. मग मसाला वाटायला म्हणून शेडमधल्या बायांकडून दगड मागितला. मग चहा केला. मग दुसरा चहा केला. त्याला सीताफळ खाऊ घातलं, त्याच्या लेकरांची चौकशी केली, त्याच्या गाडीच्या टायरांचं कौतुक केलं. मधून मधून पळीनं एक हरभरा काढून दाबायचा आणि म्हणायचं, "अजून थोडं."

"थोड़ा मतलब कित्ता?"

"ह्यो हरभरा जरा हट्टी निघाला."

भाई तिकडून रस्त्याकडं बघत होते आणि मी पातेल्याकडं. बाया काम थांबवून आमच्याकडं. हळूहळू उन्हं कलली. एकदा तर तो उठून उभाच राहिला. माझा हात थांबला. पण तो पाय मोकळे करून, गाडीभोवती एक चक्कर मारून परत येऊन बसला.

शेवटी लांबून हॉर्न ऐकू आला. आमच्या कंपनीच्या गाडीचा असा हॉर्न मी कधीच ऐकला नव्हता, सगळा रस्ता उठवत येणारा. वळणावरून मेव्हण्याची लॉरी दिसली. काचेवर हळदीकुंकवाचं बोट, आरशाला नवा गजरा, समोर फोडलेल्या नारळाची खूण. गाडी नाही, वरात आली होती. तो उतरला. एका हातात कापडात बांधलेलं ताट होतं आणि मिशीला पुरण लागलेलं होतं.

"दाजी," तो म्हणाला, "कायी बोलू नका. आधी रस्सी सोडा."

मी रस्सी सोडली. बायांनी पटापट बुडं दुमडली, त्यात फळं लावली, वरून झाकणं बसवली. मेव्हणा उचलायचा, भाई रचायचे, आणि हैदराबादवाला आपल्या गाडीत चढून आतून घ्यायचा. मीही घड्या घालायला बसलो, पण मी दुमडलेला खोका उचलला की त्याचं बूड उघडायचं. मघाचीच बाई म्हणाली, "दादा, तुमी हरभऱ्याकडं बघा." मी हरभऱ्याकडं गेलो. ते नेमके आता शिजले होते.

दिवस बुडायच्या आत गाडी भरली. सगळ्यांनी उभ्या उभ्या हरभरे खाल्ले, पुरणपोळीचे तुकडे वाटून घेतले. हैदराबादवाल्यानं दोनदा मागून घेतलं, हात धुतले, गाडीत चढला. खिडकीतून खाली वाकून मला म्हणाला, "मियाँ, वो सीटी निकालके कुकर में लगाओ. जेब में क्या करती?"

माझा हात खिशावर गेला. "माहीत होतं तर थांबलात कावून?"

"पैले भूक लगी थी," तो म्हणाला. "फिर देखा तुम इत्ती मेहनत कर रहे." आणि गाडी सुरू केली.

भाई गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत तिथंच उभे होते. त्यांनी दिवसभर काही खाल्लं नव्हतं. मी त्यांच्या हातात ताटली दिली. एक घास घेतला, चावला, आणि दिवसभरात पहिल्यांदा हसले. "नमक भूल गये मियाँ." कांद्याच्या नादात मीठ राहून गेलं होतं, आणि इतक्या माणसांपैकी एकानंही तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. भाईंनी ताटली संपवली.

फळ नीट पोचलं का, हे मात्र अजून कुणालाच ठाऊक नव्हतं. रात्री घरी मला कुणी हसलं नाही, ह्यावरून काय ते समजा. बायकोनं नुसतं वाढलं आणि ताटात मीठ जरा जास्त घातलं.

दुसऱ्या दिवशी मी कंपनीत भरायच्या रांगेत उभा होतो तेव्हा भाईंचा फोन आला. मागं बायांचा गलबला होता.

"पहुँच गया मियाँ! एक भी नै फटा! सेठ बोलता, और भेजो. परसों के लिए खोके लाओ!"

मी मेव्हण्याला हाक मारली, मग हमालांना. हमाल नेहमीसारखेच बुडं एकीकडं आणि झाकणं एकीकडं घेऊन उभे होते. मी चहा तसाच ठेवला, गाडीवर चढलो आणि म्हणालो, ह्या खेपेला दोन्ही गाड्यांत अर्धी बुडं, अर्धी झाकणं. ते मोजताना वैतागले, मी मोजताना चुकलो, परत उतरवून परत चढवलं. खालून मेव्हणा भांग पाडत ओरडला, "दाजी, उतरा आता! ह्या वेळेला मी तुमच्या मागंच चालवणार हाय."

"मग दिवसभर लागंल पाटोद्याला जायला," मी म्हणालो.

"लागू द्या," तो म्हणाला. "भाईनी फळ अजून तोडलं न्हाई."